‘विनय’ कोणाचा? ‘विनयभंग’ या शब्दाचा आणि मुलींच्या वाटेचा इतिहास

१

वाटेने जाणाऱ्या मुलीस कोणी अडविले, तिच्या अंगास हात लावला, अगर तिला ऐकू जाईल असे अचकट विचकट बोलले, म्हणजे त्या कृत्यास मराठीत ‘विनयभंग’ म्हणतात. पोलीस ठाण्यातील फिर्याद, न्यायालयाचा निकाल, वर्तमानपत्राचा मथळा आणि घरातील दबक्या आवाजातले बोलणे, या चारही ठिकाणी हा एकच शब्द चालतो. तो इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही विचारण्यासारखे आहे असे सहसा कोणास वाटत नाही. प्रस्तुत निबंधात एवढाच प्रश्न विचारावयाचा आहे, की येथे भंग पावतो तो विनय कोणाचा?

‘भंग’ हे उत्तरपद असलेले मराठीतील समास पाहिले तर त्यांचे दोन वर्ग सहज पडतात. आज्ञाभंग, शिस्तभंग, नियमभंग, वचनभंग, व्रतभंग या शब्दांत जो भंग करतो तोच त्या आज्ञेने, शिस्तीने किंवा व्रताने बांधलेला असतो. शिस्तभंग विद्यार्थी करतो, कारण शिस्त पाळावयाची ती त्यानेच. दुसऱ्या वर्गात मानभंग, शीलभंग, तपोभंग हे शब्द येतात. येथे भंगणारी वस्तू एकाची आणि भंग करणारा दुसरा. ‘विनयभंग’ हा शब्द रूढ अर्थाने या दुसऱ्या वर्गात बसतो. विनय स्त्रीचा, भंग करणारा पुरुष. (तपोभंगाची गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. तेथे तप पुरुषाचे असते आणि भंगाचा दोष अप्सरेकडे जातो. भंगणारी वस्तू कोणाचीही असो, बोलणे स्त्रीनेच खावयाचे, ही योजना जुनी दिसते.)

परंतु ‘विनय’ या पदाचा इतिहास पाहता हा समास पहिल्या वर्गातला असावयास हवा होता. व्युत्पत्तीवरून समाजाचा इतिहास काढण्याचा मोह वाईट, हे मला मान्य आहे. शब्दाचा मूळ अर्थ हाच त्याचा खरा अर्थ, असे भाषाशास्त्र मानीत नाही. म्हणून येथे धातूपेक्षा ग्रंथांतील प्रयोगांवर भर दिला आहे. प्रयोग पाहता असे दिसते की ज्या संस्कृत-पाली परंपरेतून हा शब्द आपल्याकडे आला, तिच्यात विनय ही प्रथम मुलास द्यावयाची वस्तू होती. मुलीजवळ असणारी आणि जपावयाची वस्तू ती नंतर झाली.

२

‘वि’ या उपसर्गासह ‘नी’ धातूपासून विनय शब्द होतो. वळण लावणे, शिकवून तयार करणे हा त्याचा अर्थ. घोड्यास व हत्तीस जे वळण लावावयाचे त्यालाही हेच क्रियापद चालते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाचे नावच ‘विनयाधिकारिक’ असे आहे, आणि त्याचा विषय राजपुत्राचे शिक्षण हा आहे. कौटिल्य विनयाचे दोन प्रकार मानतो, एक स्वाभाविक आणि दुसरा कृतक, म्हणजे प्रयत्नाने आणलेला. लिपी व गणित यांपासून आन्वीक्षिकीपर्यंतचा सगळा अभ्यासक्रम या दुसऱ्या विनयासाठी आहे. त्याच्या लगेच पुढे इंद्रियजयाचे प्रकरण येते. तेथे काम, क्रोध, लोभ, मान, मद व हर्ष हे सहा सोडावयास सांगून, ते न सोडल्यामुळे नाश पावलेल्या राजांची नावे दिली आहेत. त्या यादीत पहिला आहे दांडक्य भोज. एका ब्राह्मणकन्येची त्याने कामवासनेने अभिलाषा धरली आणि तो बंधू व राष्ट्र यांसह नष्ट झाला. मुलीने कोठे जावे, काय नेसावे, कोणाशी बोलावे याचा येथे उल्लेख नाही. राजपुत्रास वळण लागले नव्हते, एवढेच कौटिल्यास सांगावयाचे आहे.

हा केवळ उपदेश नव्हता. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सूत्राध्यक्षाचे प्रकरण आहे. सरकारी सूत कातून घेणाऱ्या या अधिकाऱ्याचा संबंध विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया, कुमारिका, परागंदा पतींच्या बायका अशा निराधार स्त्रियांशी येई. ज्या घराबाहेर पडत नाहीत त्यांच्याकडे दासीमार्फत काम पाठवावे. ज्या स्वतः पहाटे सूतशाळेत येतात त्यांचे सूत घेऊन त्यांस मजुरी द्यावी, आणि तेथे दिवा ठेवावा तो केवळ सूत पारखण्यापुरताच. अधिकाऱ्याने स्त्रीच्या मुखाकडे पाहिले किंवा कामाखेरीज अन्य बोलणे काढले तर त्यास पहिल्या प्रतीचा साहसदंड, आणि मजुरी देण्यास विलंब केला तर मध्यम प्रतीचा. दिव्याचा उजेड किती असावा येथपर्यंत विचार करणारा हा नियम कामाच्या जागेविषयीच्या आपल्याकडील अतिप्राचीन नियमांपैकी एक असावा. यावरून सुवर्णयुगाची कल्पना मात्र कोणी करू नये. याच प्रकरणात मजुरी घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीस अंगठ्याची शिक्षा सांगितली आहे. मुद्दा इतकाच, की दंड कोणास व कशासाठी हे कौटिल्यास स्पष्ट होते. पाहणारा दंडास पात्र, पाहिली गेलेली नव्हे.

बौद्धांच्या विनयपिटकात तर ‘विनयाचा भंग’ हे शब्द अक्षरशः पुरुषास लागू पडतात. संघादिसेस नावाच्या तेरा अपराधांपैकी दुसरा अपराध कामविकाराने स्त्रीच्या अंगास, हातास अगर वेणीस स्पर्श करण्याचा, आणि तिसरा तिच्याशी अश्लील बोलण्याचा. अपराधी भिक्षूस सहा रात्रींचे मानत्त करावे लागे, दोष लपविला असल्यास त्यापूर्वी परिवासही, आणि नंतर किमान वीस भिक्षूंच्या संघापुढे त्यास पुन्हा आत घेण्यात येई. नियम कसा झाला त्याची कथाही तेथेच आहे. उदायी नावाच्या भिक्षूचा विहार पाहावयास एक ब्राह्मण आपल्या पत्नीसह गेला असता उदायीने तिच्या अंगाशी अतिप्रसंग केला. त्यावर त्या ब्राह्मणाची तक्रार अशी की, असे होऊ लागले तर कुळातील स्त्रियांना, मुलींना, सुनांना आणि दासींनाही आरामात व विहारात जाणे अशक्य होईल. ‘आराम’ म्हणजे लोकांनी जावे असे उद्यान. सार्वजनिक जागेतून स्त्रिया हद्दपार होतात ही हानी पहिल्याने बोलून दाखविली ती या ब्राह्मणाने, आणि नियम झाला तो भिक्षूंसाठी.

पण हेच विनयपिटक दुसऱ्या मार्गानेही जाते, व ते नजरेआड करणे बरे नव्हे. अरण्यात राहणाऱ्या भिक्षुणींवर धूर्तांनी अत्याचार केले, तेव्हा भिक्षुणींनी अरण्यात राहू नये असा नियम झाला. एकट्या भिक्षुणीने गावोगाव जाऊ नये, एकटीने नदी ओलांडू नये, रात्री एकटीने वेगळे राहू नये, हे नियमही अशाच प्रसंगांतून आले. अत्याचार करणारे धूर्त संघाच्या बाहेरचे होते, त्यांच्यावर संघाची आज्ञा चालत नव्हती, म्हणून जिच्यावर चालत होती तिला आज्ञा झाली, असे याचे समर्थन करता येईल. तरीही ज्या भिक्षुणीवर बलात्कार झाला ती निर्दोष, कारण तिची संमती नव्हती, हा निर्णय त्याच ग्रंथात उप्पलवण्णेच्या बाबतीत निःसंदिग्धपणे दिला आहे. तिला दोष नाही, परंतु तिच्या भगिनींना अरण्यही नाही. पुढील अडीच हजार वर्षांच्या उपाययोजनेत या दोन वाक्यांपैकी दुसऱ्याचीच पुनरावृत्ती अधिक आढळते.

या शब्दाचे दोन अर्थ एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील तर शाकुंतल काढावे. पहिल्या अंकात भुंगा शकुंतलेस सतावीत असता, झाडाआड लपून पाहणारा दुष्यंत पुढे येतो आणि दरडावून विचारतो की, दुर्विनीतांना शासन करणारा पौरव राज्य करीत असताना भोळ्या मुनिकन्यांशी अविनय कोण करीत आहे? येथे सतावणाऱ्याच्या कृत्याचे नाव ‘अविनय’ आहे आणि सतावणारा ‘दुर्विनीत’. मुलींचे काहीही भंगलेले नाही. कमतरता आहे ती वळणाची, आणि ती करणाऱ्यातली. (प्रश्न विचारणारा स्वतः इतका वेळ आडून पाहत होता, ही कालिदासाची गंमत प्रेक्षकाने आपली आपण ओळखावी.) दुसऱ्या अंकात हाच दुष्यंत विदूषकास सांगतो की, विनयाने आवरल्यामुळे शकुंतलेने आपले प्रेम ना उघड केले ना झाकले. हा विनय म्हणजे कुलीन मुलीचा संकोच, तिचे भूषण. काव्यातून हा दुसरा अर्थ पुढे वाढत गेला, आणि नम्रता व मर्यादशीलता हाच विनयाचा मराठीतील मुख्य अर्थ झाला. विद्येने विनय येतो हे सुभाषित शाळेत पाठ करून घेतात, परंतु ते मुलांनी मुलींशी कसे वागावे याविषयी असू शकते, असे ते पाठ करणाऱ्या कोणाही मुलास वाटलेले नसावे.

स्मृतींविषयी थोडक्यात सांगतो. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायात स्त्रीची नीवी, स्तन, वस्त्र व केस यांस स्पर्श करणे, अयोग्य जागी व वेळी तिच्याशी बोलणे, एकाच आसनावर बसणे या गोष्टी आल्या आहेत. पण त्या येतात ‘स्त्रीसंग्रहणा’ची, म्हणजे परस्त्रीसंबंधाची चिन्हे म्हणून. स्मृतिकाराच्या दृष्टीने अन्याय होतो तो तिच्या पतीवर अगर कुळावर. तिची इच्छा होती किंवा नव्हती हा प्रश्न दुय्यम ठरतो, आणि शिक्षा वर्णानुसार बदलते. शब्द निराळा, पण स्त्री ही दुसऱ्याची ठेव हा विचार पुढे ज्या शब्दातून आपल्यापर्यंत पोचला, त्याची ही पूर्वपीठिका होय.

३

कायद्याकडे वळण्यापूर्वी पुण्याच्या रस्त्यावर जावे लागते, कारण तेथील घटना कायद्याच्या बारा वर्षे अगोदरची आहे. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. शाळेत शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर वाटेत शेण, चिखल व खडे टाकण्यात येत, हे त्यांच्या चरित्रांतून सर्वांस ठाऊक आहे. त्या बरोबर जादा लुगडे नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलीत, ही आठवणही तितकीच प्रसिद्ध आहे. आपण ती धैर्याची कथा म्हणून सांगतो, व ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यातील उपायाकडे पाहावे. रस्ता कोणी बदलला नाही, बदलले ते लुगडे. शेण टाकणारे कोण होते, त्यांस कोणी आवरले काय, त्यांच्या घरी त्यांस कोणी काही विचारले काय, यांविषयी आपली लोकप्रिय चरित्रे जवळजवळ मुकी आहेत.

पुढे पस्तीस वर्षांनी, १८८३ साली, अमेरिकेस निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधील सेरामपूर येथे जे भाषण केले, त्यात मात्र बघ्यांचे वर्णन आहे. वयाला अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलीने सांगितले की, रस्त्याने जाताना लोक थट्टेची वाक्ये टाकतात, ही कोण, पायांत बूट-मोजे घालून कोठे निघाली, हे कलियुगाचेच लक्षण नव्हे काय, असे मुद्दाम ऐकू येईल असे विचारतात. हे वाक्यप्रकार भाषिक दृष्ट्या लक्षात घेण्याजोगे आहेत. ते तिला उद्देशून नाहीत, तिच्याविषयी आहेत. तृतीय पुरुषात, पण तिच्या कानावर पडावेत अशा बेताने बोललेले. उत्तर द्यावे तर ‘तुला कोण बोलले?’ म्हणावयास मोकळीक, आणि न द्यावे तर अपमान गिळलेला. कोपऱ्यावरच्या टोळक्याचे व्याकरण तेव्हापासून आजतागायत हेच राहिले आहे.

त्याच्या एक वर्ष आधी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत स्त्रीजातीवर जी झोड उठली तिला ते उत्तर होते. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांतही तसेच, किंबहुना अधिक आहेत, हे त्यांनी एकेक दोष घेऊन दाखविले. पुरुषास वळण हवे, ही गोष्ट एका स्त्रीने इतक्या उघडपणे मराठीत मांडण्याची ही पहिलीच वेळ असावी. याच पिढीत आगरकरांनी ‘स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे’ या अर्थाच्या मथळ्याखाली निबंध लिहिला. मथळ्यात दोन मागण्या आहेत. पहिलीवर पुण्यात पुष्कळ वाद झाला. दुसरीतील ‘एकत्र’ या शब्दावर पुरेसा विचार झाला नाही, असे मला वाटते. एकत्र शिक्षणाने मुलीस ज्ञान मिळेल हे उघड आहे, पण मुलास काय मिळेल? बाकावर शेजारी बसणारी मुलगी ही आपल्यासारखीच गणित चुकणारी, गणित सोडविणारी व्यक्ती आहे, हा अनुभव. कौटिल्य ज्यास कृतक विनय म्हणतो तो हाच.

४

भारतीय दंडसंहितेचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये सादर केला, कायदा १८६० साली झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून तो अमलात आला. त्याच्या ३५४ व्या कलमात स्त्रीच्या ‘मॉडेस्टी’स धक्का पोचविण्याच्या उद्देशाने केलेला हमला, आणि ५०९ व्या कलमात त्याच उद्देशाने उच्चारलेला शब्द अगर केलेला हावभाव हे गुन्हे ठरविण्यात आले. पहिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दुसऱ्यास एक वर्षापर्यंत साधी कैद. ‘मॉडेस्टी’ची व्याख्या संहितेत नाही. भाषांतरकारांपुढे प्रश्न पडला तो येथे. हिंदीने ‘लज्जा’ पत्करली, मराठीने ‘विनय’. लज्जा हा भाव आहे, तो ज्याचा त्यालाच ठाऊक. विनय हा आचरणाचा गुण आहे, आणि तो इतरांस बाहेरून दिसतो, म्हणून त्याची परीक्षाही होऊ शकते. फिर्यादी स्त्री किती वाजता कोठे होती, कोणाबरोबर होती, काय नेसली होती, हे प्रश्न मराठीत इतक्या सहज सुचतात त्याचे कारण एकटा हा शब्द खचित नव्हे. पण जिचा विनय भंगला असे म्हणावयाचे, तिच्याजवळ तो मुळात होता काय, हे विचारण्याचा मार्ग शब्दानेच मोकळा ठेवला आहे.

ही शंका कल्पनेतली नाही. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातून एक खटला आला. त्यात अत्याचार झाला होता साडेसात महिन्यांच्या मुलीवर, आणि वादाचा प्रश्न असा की, इतक्या लहान मुलीस ‘मॉडेस्टी’ असते काय? उच्च न्यायालयाचे मत ‘नाही’ असे पडले होते. न्या. मुधोळकर व न्या. बच्छावत यांनी बहुमताने ते फिरविले, न्या. सरकार यांनी वेगळे मत नोंदविले. स्त्रीच्या मॉडेस्टीचे सार तिचे स्त्रीत्वच होय, ते जन्मापासून तिच्यापाशी असते, असा निर्णय झाला. निर्णय योग्य झाला याबद्दल दुमत नसावे. पण ज्या शब्दापायी देशातील सर्वोच्च न्यायपीठास तान्ह्या मुलीच्या विनयावर खल करावा लागला, तो शब्दच गुन्ह्याचे नाव म्हणून अपुरा आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले असे मी मानतो. १९९५ मध्ये एका वरिष्ठ अधिकारी स्त्रीच्या फिर्यादीत न्यायालयाने पुन्हा कोश उघडले व मॉडेस्टीचे अर्थ तपासले. कोशकारास हा मान सुखद वाटेलही, परंतु प्रश्न कोशाचा नव्हताच.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतील घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या अहवालात ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला. ३५४ व्या कलमाच्या जागी ‘लैंगिक आक्रमण’ हा गुन्हा ठेवावा असे तिने सुचविले. म्हणजे गुन्ह्याचे नाव करणाऱ्याच्या कृत्यावरून पडावे, सोसणारीच्या गुणावरून नव्हे. संसदेने त्या वर्षी लैंगिक सतावणूक, पाठलाग वगैरे नवी कलमे घातली, शिक्षाही वाढविल्या, पण जुना शब्द राहू दिला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ३५४ चे ७४ झाले, ५०९ चे ७९ झाले. शब्द तोच आहे.

५

कायद्याचा शब्द गंभीर तरी आहे. रस्त्यावरचे शब्द पाहिले म्हणजे अधिक चिंता वाटते. ‘छेड काढणे’ या प्रयोगात खोडी काढण्याचा खेळकरपणा आहे. इंग्रजी जाणणाऱ्या भारतीयांनी घडविलेल्या ‘ईव्ह टीझिंग’ या शब्दात आदिमातेवर मोहात पाडल्याचा आरोप आधीच केलेला आहे. मराठी पत्रकारांनी तयार केलेला ‘सडकसख्याहरी’ हा शब्द घडणीच्या दृष्टीने मोठा चतुर आहे. लावणीतील प्रियकर उचलून रस्त्यावर आणला व त्याची टर उडविली. तथापि उपहासातही तो प्रियकरच राहिला. ‘रोडरोमिओ’चेही तसेच. त्रास देणाऱ्यास प्रेमिकाचे नाव द्यावयाचे आणि मग तो प्रेम करतो असे समजत राहिला म्हणून आश्चर्य करावयाचे, हे आमच्या भाषेने केले आहे.

विशेषणांतही हाच भेद. हेतूवाचून हिंडणारा मुलगा ‘उनाड’, आणि या शब्दात रागाबरोबर कौतुकाचाही अंश असतो. तशीच हिंडणारी मुलगी ‘भटकभवानी’, आणि या शब्दास पुल्लिंगी जोड नाही. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मुंबईवरील ग्रंथात दाखविले की, शहरात स्त्रीने बाहेर असण्यासाठी काहीतरी काम असल्याचे दाखवावे लागते, नुसते रेंगाळण्याचा अधिकार तिला नाही. मराठी कोशाने हे फार पूर्वीच नोंदवून ठेवले होते.

सार्वजनिक जागेसाठी केलेले उपाय पाहावेत तर त्यांत अरण्याचा नियम पदोपदी भेटतो. १८९० च्या रेल्वे कायद्याने स्त्रियांसाठी राखीव डबा आणला, आणि १९९२ साली मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर संपूर्ण महिला विशेष गाडी सुरू झाली. लक्षावधी स्त्रियांच्या नोकऱ्या या डब्यांमुळे शक्य झाल्या, त्यांस नावे ठेवण्याचा करंटेपणा कोणी करू नये. पण डबा वेगळा केल्याने शेजारच्या डब्यातील पुरुषास काही शिकावे लागत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका पोलीस शिपायाच्या बडतर्फीच्या प्रकरणात सर्व राज्यांस आदेश दिले. बसस्थानके, रेल्वेस्थानके, चित्रपटगृहे, उद्याने व समुद्रकिनारे येथे साध्या वेषातील स्त्रीपोलीस नेमावेत, छायाचित्रक यंत्रे बसवावीत, आणि बसमध्ये असा प्रकार घडल्यास प्रवाशाच्या तक्रारीवरून चालकाने गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावी. हे शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्याने बघ्याला साक्षीदार केले. राखणदाराच्या वेषात असलेलाच या प्रकरणात आरोपी होता, याकडेही लक्ष जावे.

वाटेची भीती शिक्षणास कशी ग्रासते याचा पुरावाही आता उपलब्ध आहे. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थिनींच्या अभ्यासातून दाखविले की, जाण्यायेण्याचा मार्ग अधिक सुरक्षित असावा म्हणून मुली अधिक चांगले महाविद्यालय सोडून कमी दर्जाचे पत्करतात; मुलांची निवड अशी होत नाही. सावित्रीबाईंच्या जादा लुगड्याचे मोल कोणी मोजले नव्हते. या अभ्यासात ते मोजले गेले आहे.

मुलांच्या वळणाचे प्रयत्न त्या मानाने अलीकडचे आहेत. मुंबईत १९९३ साली ‘मावा’ ही पुरुषांनी पुरुषांमध्ये काम करावयाची संस्था निघाली. २००८ पासून मुंबई महापालिकेच्या शाळांतून सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी टाटा समाजविज्ञान संस्था, कोरो व स्त्रीविषयक संशोधनाचे एक आंतरराष्ट्रीय केंद्र यांनी ‘जेम्स’ हा कार्यक्रम चालविला. त्यात घरकामाची वाटणी, मारहाण, शरीराविषयीचा संकोच हे विषय वर्गात बोलण्याचे विषय झाले. क्रिकेटच्या प्रशिक्षकांकरवी मुलांशी बोलण्याचा ‘परिवर्तन’ हा उपक्रमही मुंबईतच झाला, आणि तो मला विशेष उचित वाटतो. मुलगा ज्याचे ऐकतो त्याच्याच तोंडून वळण लागते, हे आचार्यकुलापासून मैदानापर्यंत सारखेच आहे.

अशा शिक्षणात कोणती भाषा वापरावी याचा विचार मात्र आपल्या विषयाच्या अभ्यासकांनी केलेला नाही. टारगट मुलास मराठीत जी पहिली समज देण्यात येते ती अशी: ‘तुला आयाबहिणी नाहीत काय?’ हेतू चांगला, पण वाक्याचा अर्थ असा होतो की स्त्री आदरास पात्र होते ती कोणाची तरी आई अगर बहीण म्हणून. मग जी आपली कोणी नाही तिचे काय? आणि मराठीतील शिव्यांत ज्यांचा उद्धार होतो त्याही आयाबहिणीच. एकच जोडपद समज देण्यास व अपमान करण्यास सारखेच उपयोगी पडते, कारण दोन्ही ठिकाणी स्त्री ही पुरुषाच्या मानाची ठेव आहे, याज्ञवल्क्याच्या संग्रहणप्रकरणात होती तशीच. शिक्षकाने ही समज देण्याऐवजी त्या मुलास ‘तू काय केलेस?’ असे विचारावे. हे वाक्य द्वितीय पुरुषी आहे, आणि त्यात मुलीच्या नात्याचा, वेषाचा, वेळेचा संबंध येत नाही.

आपल्या विद्यापीठांपुरते पाहता हा प्रश्न वसतिगृहाच्या फाटकापाशी येऊन थांबतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘सक्षम’ या २०१३ च्या अहवालाने सुरक्षिततेच्या नावाखाली विद्यार्थिनींवर वेगळे निर्बंध घालू नयेत असे स्पष्ट म्हटले. २०१५ च्या आयोगाच्या विनियमांतही परिसरातील सुरक्षाव्यवस्थेने स्त्रियांच्या हिंडण्याफिरण्याचा संकोच होऊ नये असे कलम आहे. त्याच वर्षी दिल्लीच्या विद्यार्थिनींनी वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध ‘पिंजरा तोड’ ही चळवळ सुरू केली. अद्यापही पुष्कळ ठिकाणी मुलींच्या वसतिगृहाचे फाटक मुलांच्या फाटकाआधी बंद होते. त्या नियमपत्रकांचा, विशेषतः त्यांतील ‘सुरक्षा’, ‘शिस्त’ व ‘मर्यादा’ या तीन शब्दांच्या वापराचा, तौलनिक अभ्यास आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यावा. सामग्री प्रत्येक फाटकावर लावलेली आहे.